चौकात फ्लेक्स, घरात धडधड

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडं आटोपशीर करून देतो आहोत.

"मुलगा १९ वर्षांचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. अग्निवीरचा फॉर्म आम्हाला न सांगता भरला, परीक्षा दिली, ग्राउंड काढलं, मेडिकलही झालं. पुढच्या महिन्यात बेळगावला मराठा सेंटरला हजर व्हायचंय. चौकात फ्लेक्स लागलाय. सासरे स्वतः फौजेतून रिटायर. ते म्हणतात, डोळ्यातून पाणी काढलंस तर पोराचा पाय अडेल. बायका पेढे मागायला येतात आणि मला अभिमान वाटतच नाही, नुसती भीती वाटते. रात्री दोन-तीनला जाग येते. बेळगावनंतर कुठं टाकतील, चार वर्षांनी घरी पाठवलं तर काय, हेच डोक्यात. त्याला अडवावं का? मी वाईट आई आहे का? खोटा धीर देऊ नका. आणि डिंकाचे लाडू करायला घेतलेत, पाच किलो पुरतील ना?"

ताई,

आधी अडवण्याचं बघू, कारण त्याला तारखेचं बंधन आहे. उमेदवार १८ वर्षांच्या आतला असेल तर भरतीच्या कागदांवर पालकांची सही लागते. तुमचा १९ चा आहे, तुमची सही कुणी मागणार नाही. एकदा नाव लागलं की अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, ती पुरी होण्याआधी स्वतःच्या मर्जीनं बाहेर पडता येत नाही. अपवाद म्हणून, वरच्या अधिकाऱ्यांच्या मंजुरीनं सोडतात, पण तेव्हा त्याच्या पगारातून दर महिन्याला सेवा निधी म्हणून कापलेले पैसे व्याजासह मिळतात, त्यात सरकारनं घातलेला वाटा मिळत नाही. म्हणजे जे बोलायचं ते या महिन्यात बोलून घ्या. बेळगावला गेल्यावर फोनवर "अजूनही विचार कर बाळा" म्हणण्याला अर्थ उरत नाही, आणि त्याचा जीव मात्र खालीवर होतो.

आमचं मत विचाराल तर अडवू नका. लेखी परीक्षा, १.६ किलोमीटरची धाव, पुलअप्स, नऊ फुटी खड्डा, मग मेडिकल, हे सगळं पोरानं घरात कुणाला न सांगता पार केलंय. हे एका रात्रीचं खूळ नव्हे. तुम्हाला न सांगता केलं याचा राग आलाय, आणि पत्रात तो भीतीच्या आड दडलाय असं वाचताना वाटलं. तो राग वेगळा काढा आणि त्याला सरळ सांगा: "तू गेलास याचं नाही, लपवलंस याचं वाईट वाटलं." एवढं बोललात तरी दोन रात्री बऱ्या जातील.

अभिमान वाटत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, गावात त्यांचं स्मारक आहे. त्या ४६ घरांतल्या बायकांना रोज उठून अभिमानच वाटत होता असं कोण म्हणेल? अभिमान हा बराचसा चौकातला शब्द आहे. घरात आधी धडधड येते. अभिमान आला तर मागून येतो, आणि नाही आला तरी पोराचं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच गोष्टीनं: न बोललेली भीती नेमकी रविवारच्या दहा मिनिटांच्या फोनवर बाहेर पडते. म्हणून आमचा मुख्य सल्ला असा, की निघण्याआधी एकदा, एकच वाक्य, त्याच्या समोर बसून बोला. "मला भीती वाटते, ती वाटत राहील, तिची काळजी तू करायची नाहीस, ती माझी मी बघते." रडू आलं तर रडा. सासऱ्यांना सांगा, पाय रडण्यानं अडत नाही. आई फोनवर नीट बोलत नाही, काहीतरी लपवते, असं वाटलं की अडतो.

सासऱ्यांशी भांडू नका, त्यांचा उपयोग करून घ्या. फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस घरात आहे आणि त्याला फक्त "रडू नको" एवढंच बोलायचं काम दिलंय. त्यांना बारीक प्रश्न विचारा. रोलकॉलला काय होतं? शिकवणारा उस्ताद कशावरून चिडतो? पहिल्या महिन्यात तुम्हाला सगळ्यात जड काय गेलं? तुमची आई काय म्हणाली होती? शेवटच्या प्रश्नाला म्हातारा गप्प बसला तर बसू द्या. बहुतेक उत्तर त्यातच मिळेल.

आता मधल्या महिन्याचं. या महिन्यात पोरं हमखास तीन चुका करतात. पहिली म्हणजे मेडिकल झालं की धावणं बंद, पार्ट्या सुरू. मग सेंटरला एकदम कवायत, बूट, पाठीवर वजन, आणि नडगीचं हाड तडकतं. हाडाला वाढत्या भाराची सवय लागायला आठवडे जातात. दम लवकर येतो, हाड मागून तयार होतं. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस सावकाश तीन ते पाच किलोमीटर धावू दे, आणि अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवू दे. दुसरी चूक मोटारसायकल. निवड झालेल्या आनंदात गाडी घसरून हात मोडून घेतलेलं पोरगं तुमच्याही ऐकण्यात असेल. तिसरी चूक टॅटू. दंडावर, छातीवर राजमुद्रा काढून घ्यायची सध्या हौस आहे. फौजेचा नियम कडक आहे: कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला. बाकी जागेचा चालत नाही, मग तो छत्रपतींचा असो की आईच्या नावाचा. किडलेला दात असेल तर याच महिन्यात दाखवून घ्या.

कागदांचं काम तुम्ही स्वतः अंगावर घ्या. रात्री दोनला जाग आलेल्या माणसाला दिवसा हाताला काम लागतं, आणि इथं खरंच चुका होतात. त्याची दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँक पासबुक समोर ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. मग स्वतःचे कागद काढा. हे कुणाच्या लक्षात येत नाही. लग्न झालेलं नसल्यानं त्याच्या नोंदीत जवळचे नातेवाईक म्हणून आईवडीलच लागणार. आपल्याकडे बायकांच्या आधारवर नावापुढे "बाई" असतं, रेशनकार्डावर नसतं, पासबुकात माहेरच्या वडिलांचं नाव, मतदार कार्डावर नवऱ्याचं. त्यानं सेंटरला एक नाव लिहून दिलं आणि तुमच्या आधारवर दुसरं निघालं, की पुढं विमा असो, ओळखपत्र असो, प्रत्येक वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. मुलाच्या दहावीच्या कागदावर आईचं नाव जसं आहे तसंच तुमचं आधार आणि बँक खातं करून घ्या, आणि तेच नाव त्याला कागदावर लिहून द्या. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं हवं, नवऱ्याबरोबरचं असेल तर वेगळं काढा.

बाकी पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, फोटो हे सगळं त्याच्याकडच्या पत्रात लिहिलेलं असतं. त्या यादीबाहेर काही भरू नका. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, जुने चालवून घेतील म्हणून थांबू नका. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्पष्ट फोटो घरी ठेवा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिका तर जपाच, त्यांचं काम पुढं आहे.

फ्लेक्स उतरवायला सांगा, किंवा निदान त्यावरचं सेंटरचं नाव, हजर व्हायची तारीख आणि घरचा फोन नंबर झाकायला लावा. नंबर बघून फोन येतात. कुणी "मी रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, मुलाची माहिती द्या" म्हणतं, कुणी "तुमच्या मुलाचा अपघात झालाय, ताबडतोब पैसे टाका" म्हणतं. फोनवर युनिट, गाव, ट्रेन, तारीख यातलं काही सांगायचं नाही. ओटीपी तर नाहीच. पैशांचं म्हणाल तर भरतीला एक रुपया लागत नाही. "बेळगावातच ठेवून घेतो, ओळख आहे" म्हणणारा कुणी आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता सेंटर. अग्निवीराचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं, म्हणजे सात महिन्यांच्या आसपास. पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, हत्यार, वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री रोलकॉल. मोबाईल बहुतेक वेळ जमा असतो, ठरलेल्या दिवशी, बहुधा रविवारी, थोडा वेळ मिळतो. तो वेळ कपडे धुणं, केस कापणं, झोप आणि तुम्ही, यांच्यात वाटून घ्यायचा असतो. म्हणून फोनची तयारी करा. रविवारी आपला मोबाईल चार्ज करून, रेंज येते त्या जागी. शेजारच्या, मावश्या, चुलते सगळ्यांना स्पीकरवर बोलवायचं नाही, एका वेळी दोनच माणसं. पहिलं वाक्य तुमचं असू द्या, आणि ते साधं असू द्या: म्हैस व्यायली, ऊस तुटला, बहिणीचा निकाल लागला. पोराला त्या दहा मिनिटांत घराचा वास हवा असतो.

"कसा आहेस?" विचारू नका. त्याला "बरा आहे" सोडून उत्तर नाही, आणि त्या "बरा"च्या आवाजावरून तुम्ही आठवडाभर तर्क करत बसाल. त्यापेक्षा अंगाचे प्रश्न विचारा. टाचेला फोड आलेत का? किती तास झोपलास? जेवायला लंगरात काय होतं? नडगी दुखते का, आणि दुखत असेल तर सगळीकडे, की एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी? एका जागी, धावताना वाढणारी आणि बसल्यावरही न थांबणारी असेल तर त्याच दिवशी एम.आय. रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, दाखवायला सांगा. पोरं लपवतात, कारण आराम लिहून मिळाला की मागच्या बॅचमध्ये टाकतील ही भीती असते. ती खरीही आहे. पण लपवलेला बारीक तडा पूर्ण मोडला की काही आठवड्यांच्या जागी काही महिने जातात. बॅच मागे पडली तर पडू दे म्हणा, हे आईनं म्हटलेलं पोराला फार लागू पडतं.

आणि एक फोन असा येईल. तिसरा आठवडा, पाचवा आठवडा, कधीही. आवाज बारीक झालेला असेल. "मम्मी, मला नाही जमत, मला घरी यायचंय." झोप अपुरी, अंग आंबलेलं, सतत कुणीतरी ओरडतंय, आणि बॅरकमध्ये रडायलाही कोपरा नाही, म्हणून तो तुमच्याकडे रडतोय. त्या वेळी "ये निघून" म्हणू नका, तो येऊ शकत नाही आणि तुम्ही मात्र दार उघडून बसलात असं होतं. "मर्द हो, गावात नाक कापशील" हे तर नाहीच. हा फोन सासऱ्यांच्या हातात देऊ नका. एवढंच म्हणा: "ऐकतेय मी. आज काय झालं ते सांग." सगळं सांगू द्या, मध्ये बोलू नका, आणि शेवटी, "पुढच्या रविवारी मी फोनजवळच आहे." बहुतेकांचा पुढच्या रविवारचा आवाज वेगळा असतो, कारण तोवर शेजारच्या पलंगावरचा नांदेडचा नाहीतर चंदगडचा पोरगा मित्र झालेला असतो.

काही बोलणं मात्र वेगळं ओळखा. जेवणच सोडलंय, रात्र रात्र झोप नाही, "मी नसलो तरी चालेल", "संपवून टाकतो" असले शब्द आले तर रविवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी सेंटरला फोन करून त्याच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना किंवा कंपनी कमांडरना स्पष्ट शब्दांत सांगा. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात मुलाकडून त्याचा नंबर, कंपनी, प्लाटून आणि सेंटरचा फोन लिहून घ्या आणि तो कागद देव्हाऱ्याजवळ ठेवा, मोबाईलमध्ये नाही. मोबाईल नेमका त्या दिवशी बंद असतो.

ट्रेनिंगच्या शेवटी कसम परेड. तिला जा. सातारहून बेळगाव हायवेनं चार-पाच तास, पण परेड सकाळी असते, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाला पोचा आणि लॉज आधी बघून ठेवा, कारण त्या दिवशी शेकडो आईबाप तिथं असतात. आधार बरोबर घ्या, गेटवर लागतं. सासऱ्यांना त्यांची पदकं लावून न्या. ध्वजासमोर, आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून पोरं शपथ घेतात. तिथं तुम्हाला रडू आलं तर कुणी काही म्हणणार नाही, सगळेच रडत असतात.

त्यानंतर युनिट. "कुठं टाकतील?" याचं उत्तर कुणालाच आधी माहीत नसतं, त्यालाही नाही. पत्त्याच्या जागी युनिटचं नाव, "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) आणि ९ नं सुरू होणारा पिनकोड येईल, गावाचं नाव येणारच नाही. पत्र, राखी, पार्सल त्यावर पोचतं. उंचावरच्या भागात पाठवलं तर एक हिशोब माहीत असू द्या. ९,००० फुटांच्या वर गेल्यावर शरीराला सवय लागावी म्हणून टप्प्याटप्प्यानं थांबवतात: १२,००० फुटांपर्यंत सहा दिवस, पुढं १५,००० पर्यंत चार, त्याच्या वर जायचं तर आणखी चार. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, जेमतेम ५,४०० फूट. त्या उंचीवर, आणि पुढं पोस्टवर, आठवडे आठवडे फोन नसतो. फोन नाही म्हणजे वाईट बातमी, हा हिशोब डोक्यातून काढा. खरी बातमी युनिटकडून येते, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नाही. सीमेवर काही घडलं की चॅनलवाले दिवसभर तेच तीन फोटो फिरवतात. तुमच्या घरात बातम्या दिवसातून एकदाच, अर्धा तास, आणि रात्री नऊनंतर बंद, हा नियम करा. रात्री दोनला जाग येते त्यात या नियमानं बराच फरक पडेल.

खोटा धीर नको म्हणालात, म्हणून हेही. धोका खरा आहे, आणि तो फक्त गोळीचा नाही: बर्फ, दरड, घाटातल्या गाड्या, उंचीवरचा आजार. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू झाल्यास त्याशिवाय ४४ लाखांची मदत, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी कुटुंबाला मिळतो. मात्र नियमित जवानाच्या घरच्यांसारखी पेन्शन नाही. हे आकडे एकदा नवऱ्याबरोबर बसून वाचा, वहीत लिहा, वही बंद करा.

चार वर्षांनंतरची भीती मात्र आम्हाला जास्त कामाची वाटते, कारण तिच्यावर आजपासून काही करता येतं. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. त्याचे सुमारे ५.०२ लाख आणि सरकारचे तेवढेच मिळून शेवटी १०.०४ लाख आणि वर व्याज, प्राप्तिकर नाही. पुढं कायम होतात ते २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे चौघांतले तीन परत येतात. तुमचा त्या तिघांत असेल असंच धरून चाला. तेव्हा तो २३ वर्षांचा असेल. त्या दहा लाखांवर आज ट्रॅक्टर, स्लॅब, बहिणीचं लग्न काही ठरवू नका, आणि "पुढं निधी येणारच आहे" म्हणून कुणाकडून उचल घेऊ नका. ही रक्कम त्याच्या दुसऱ्या सुरुवातीची आहे. कॉलेजच्या गुणपत्रिका जपायला सांगितलं ते यासाठी. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात ट्रेनिंगचे श्रेयांक धरतात. युनिटला स्थिरावल्यावर पहिल्याच वर्षात नाव घातलं तर परत येताना हातात पदवी असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आणि वयात सवलतही आहे. सुट्टी वर्षाला ३० दिवसांची. आणि चार वर्षं लग्न करता येत नाही, तेव्हा स्थळं आणणाऱ्यांना आत्ताच सांगून टाका.

झोपेचं शेवटचं. त्याला पाठवल्यावर पंधरा दिवसांनीही रोज दोनला जाग, छातीत धडधड, जेवण जात नाही असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

आणि लाडू. पाच किलो नको. पेटीची तपासणी होते, खाण्याचं ठेवू देतीलच असं नाही, आणि ठेवलं तर दोन दिवसांत मुंग्या. रस्त्यापुरता आणि पहिल्या रात्री बॅरकमध्ये वाटण्यापुरता एक किलो बास. पत्र्याच्या डब्यात नको, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत द्या, डबा परत पाठवायची सोय नसते. राहिलेले चार किलो कसम परेडला ताजे करून न्या.